तळ्याकाठचा नागरमोथा

आमच्या थोरल्या वहिनीचं, कुसुमावतीचं, उटणं झाशीतल्या सगळ्या मराठी घरांत जायचं. दादा रेल्वेच्या कचेरीत कारकून, पण लोक त्याला उटणंवालीचा नवरा म्हणायचे. मी तिची नणंद, तिचा तोरा मला पाठ. नागरमोथ्याच्या मुळांच्या काळ्या, सुवासिक गाठी ती स्वतः खणून आणी, कुणाला हात लावू देत नसे. दिवाळीत आईच्या हाती डबा ठेवला की निघाली पुढच्या घरी.

मग तिला धाकटी जाऊ आली, प्रेमला, सांगलीची. आईजवळ बसून तासन्‌तास गप्पा मारायची. थोरलीच्या पोटात दुखू लागलं, दुसरं काय.

त्या वर्षी प्रेमलेनंही उटणं कुटलं. इंजिनांना पाणी पुरवणाऱ्या तळ्याकाठी तिला पुरुषभर उंचीचा नागरमोथा सापडला होता म्हणे. आई चार बायकांसमोर म्हणाली, “यंदा धाकटीचं लावीन हो.” वहिनी तेव्हा हसली. नंतर स्वयंपाकघरात पातेली आदळली. आईच्या अंगाला उटणं कुणाचं लागणार, एवढंच. पण तिला ते जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी ती तळ्यावर गेली आणि ते झाड उपटलं. दांडा तीनधारी, डोक्यावर पानांची छत्री; नागरमोथाच वाटावा. पण मुळाला एक गाठ नाही, नुसता लाकडी गड्डा. मोडून हुंगला, तर चिखलाचा वास. मग जवळच्या साहेबाच्या बंगल्यातल्या माळ्याला दाखवला. तो म्हणाला, “बहूजी, ये तो मेमसाब का छाता है, अफ्रीका का. पुराने गमले इधर फेंके थे, यहीं जम गया.” वहिनीला इतका आनंद झाला की त्याला दिवाळीचे लाडू कबूल करून आली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई पाटावर बसलेली, प्रेमला तिच्या पायाला उटणं चोळतेय, आणि ही ते झाड घेऊन समोर उभी. गाठ नाही, वास नाही, साता समुद्रापलीकडचं आहे, सगळं ऐकवलं. शब्द न् शब्द खरा होता, हे मी कबूल करते. प्रेमलेचं तोंड एवढंसं झालं. तिनं हात मागं घेतला.

आईनं मूळ हुंगलं. “खरंच गं, नागरमोथा नव्हे हा. तुला कळतं बाई त्यातलं.”

वहिनीनं आपला डबा उघडून पुढं केला.

“ठेव तिथं,” आई म्हणाली, आणि दुसरा पाय प्रेमलेकडे सरकवला. “टाचेला चोळ गं जरा. भेगा दुखतात.”