मागच्या सीटखालची जाळी

ती मला कधीच आवडली नाही आणि मीही तिला आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे वाटेल की मी तिची बाजू घेतेय.

आम्ही दोघी एका मोटार कंपनीच्या मदतकेंद्रात फोनवर बसायचो. कंपनीची सगळ्यात महागडी गाडी म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी हायब्रिड एसयूव्ही. दार उघडलं की पायरी आपोआप खाली येते, सीट बसणाऱ्याची पाठ चोळून देते, आणि तरीही मालक अडतातच. अडले की आमच्याकडे फोन. नाव सांगायची आम्हाला परवानगी नव्हती, नंबर दिलेले होते. मी चार, ती सात. पाठीमागे सगळे तिला फौजदारीण म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेली, केस आखूड कापलेले, बोटांच्या पेरांत काळपट रेघा, साबणाने न निघणाऱ्या.

माझ्या पहिल्याच आठवड्यात एका मालकाला मी सांगितलं, सिग्नलला गाडी न्यूट्रलला टाका, पेट्रोल वाचेल. तिने हात लांब करून माझ्या कानावरचा हेडफोन काढला आणि स्वतःच्या तोंडाशी धरला. "न्यूट्रलला टाकू नका. तिथे बॅटरी चार्ज होत नाही. डीमध्येच ठेवा, ब्रेकवर पाय ठेवा. आणि ह्या बाईंचं ऐकू नका, त्या नुसतं वाचून दाखवतात."

मालक खो खो हसला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

पण गाडीतलं तिला कळायचं, हे नाकारून चालणार नाही. आमच्या कार्यशाळेतला एक म्हातारा मेकॅनिक तिच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला होता. तिची कथा मला त्याच्याकडून कळली. वडिलांचं गॅरेज होतं. शाळा सुटल्यापासून ती तिथेच, एक-दोन नाही, सव्वीस वर्षं. इंजिनावर कान ठेवून आजार सांगायची. धाकटा भाऊ होता, त्याने जन्मात नटबोल्टला हात लावला नाही. शर्टाला डाग पडेल म्हणून तो बापाशीही दारातूनच बोलायचा. वडील गेले आणि महिन्याभरात एका सकाळी ती कामावर गेली तर दाराला नवं कुलूप. भाऊ समोर उभा. "बाईच्या हाती गाडी कोण देणार आता? जागा फरशीच्या दुकानाला दिलीय मी." वडिलांचे पाने, जॅक, सगळं भंगारात गेलं होतं. आई भावाच्या मागेच उभी होती. तिने ब्र काढला नाही. म्हातारा मेकॅनिक म्हणाला, "भावाचा तिला राग होता, पण आईच्या त्या गप्प बसण्याचा जास्त." त्या दिवशी ती घरातून निघाली ती नऊ वर्षं त्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

आता पहिल्या फोनचं सांगते. बुधवार होता, सकाळचे अकरा. फोन माझ्याकडे आला. पलीकडचा माणूस हॅलोच्या आधीच ओरडत होता. माझ्या पडद्यावर मालकाचं नाव उमटलं, तिने ते तिकडून वाचलं आणि म्हणाली, "इकडे दे."

"माझा फोन आहे," मी म्हटलं.

"इकडे दे म्हणते ना."

मी दिला, पण ऐकायचं बटण दाबून ठेवलं. का देऊ नये कान? तिने माझे किती फोन ऐकले होते.

"सात नंबर बोलते. काय अडचण आहे?"

"आधीच्या बाईला सांगितलं ना! गाडी मेलीय. दार उघडत नाही, दिवा लागत नाही. एवढी भारी गाडी घेऊन..."

"किती दिवस उभी होती?"

"पाच आठवडे. मी परदेशात होतो. उभी राहिली म्हणून मरते का गाडी?"

"मोठी बॅटरी ठीक असेल. छोटी, बारा व्होल्टची, उतरलीय. कुलूप, अलार्म सगळं तिच्यावर चालतं. आठवड्यातून एकदा तरी तासभर गाडी चालू करायची असते. पुस्तकात लिहिलंय. पुस्तक उघडलंत कधी?"

पलीकडचा आवाज बदलला.

"तू?"

"फोन रेकॉर्ड होतोय, साहेब."

"तू तिथे काय करतेस?"

"आपली गाडी सुरू करून देते."

"मला तुझ्याशी बोलायचं नाही. आधीच्या बाईला दे."

"त्यांना गाडीतलं काही कळत नाही," माझ्याकडे बघत, चेहऱ्यावरची रेघ न हलवता ती म्हणाली. "रिमोटच्या पोटातून लोखंडी चावी निघते, ती काढा. ड्रायव्हरचं दार तिने उघडा. बॉनेट उघडा. फ्यूजच्या डब्यात लाल झाकण आहे. शेजाऱ्याच्या गाडीची लाल वायर तिथे लावायची, काळी उघड्या लोखंडाला. नारिंगी रंगाची कुठलीही वायर दिसली तर हात लावायचा नाही, तिच्यातला करंट जीव घेतो. लावायचाच असेल तर आधी सांगा, म्हणजे मी फोन ठेवते."

वीस मिनिटं लागली. तो 'तू' म्हणत होता, ती 'आपण' म्हणत होती, आणि तिचं 'आपण' त्याच्या 'तू'पेक्षा जास्त लागत होतं. शेवटी गाडी चालू झाली.

"उपकार केलेस," तो म्हणाला.

"पगार मिळतो मला. आता तासभर बंद करू नका. इंजिन मधेच आपोआप सुरू होईल, धूर कोंडेल. गॅरेजचं दार उघडं ठेवा." गॅरेज हा शब्द तिने सावकाश उच्चारला. "आपल्याला कुलूप घालायची सवय असेल, म्हणून सांगितलं."

त्याने त्याच दुपारी लेखी तक्रार केली. सात नंबरची भाषा उद्धट आहे.

पण गाडी त्याला सोडत नव्हती. तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. गाडी धुतली आणि दोन दिवस उभी ठेवली, आता ब्रेक दाबला की चाकातून खरखर. ती म्हणाली, गंज. तो म्हणाला, नवीन गाडीला गंज कसा? तिने सांगितलं, ह्या गाडीत वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते आणि त्यातूनच बॅटरी भरते. खऱ्या ब्रेकच्या तबकड्या निवांत पडून असतात, त्यांना ओल धरते. रिकाम्या रस्त्यावर पाच-सहा वेळा जोरात ब्रेक दाबा, गंज घासून जाईल. "वापरलं नाही की गंजतं," ती म्हणाली. "पान्यांचंही तसंच असतं. अर्थात, ज्यांच्याकडे असतात त्यांच्या." त्याने फोन आपटला. दुसरी तक्रार आली.

दर वेळी तो म्हणायचा, मला सात नंबर नको. आणि दर वेळी ती तो फोन ओढून घ्यायची. सांगायचं म्हणजे, आम्हाला मजा येत होती. त्याचं नाव पडद्यावर आलं की सगळी खोली बटण दाबून बसायची.

तिसरा फोन आला तेव्हाही तसंच झालं.

"मागच्या सीटजवळून घरघर येते," तो म्हणाला, "आणि समोर पिवळं लिहून येतंय, बॅटरीचं काहीतरी."

"मागच्या सीटखाली जाळी आहे. मोठी बॅटरी तिथून गाडीतली गार हवा ओढते. ती तुंबलीय."

"माझ्या गाडीत घाण नसते."

"गुडघ्यावर बसा आणि बघा."

"काय?"

"गुडघ्यावर, साहेब. उभ्याने दिसत नाही."

आमच्यापैकी कुणीतरी हसू दाबलं. पलीकडून कपड्यांची सळसळ, मग धापा. तो खरंच बसला होता.

"लोकर आहे," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "पांढरी. जाळीभर."

"कुत्रं नेता गाडीतून?"

"कुत्रं कसलं. आईचं ब्लँकेट आहे."

तो बोलत राहिला, पण आता ओरडत नव्हता. "तिला बसवत नाही आता. मागे आडवी टाकून नेतो. मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिसला. दहाला लावतात."

"कधीपासून?"

"हा प्रश्न गाडीचा आहे का?"

"आहे."

तो प्रश्न गाडीचा नव्हता. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं, मालकालाही कळलं असणार. "चौदा महिने," तो म्हणाला. "मी परदेशात होतो तेवढे दिवस रुग्णवाहिकेने नेलं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने टेबलाची कड धरली होती. हसणारे आता हसत नव्हते. मग ती बोलायला लागली, आणि आवाज होता तसाच, कोरडा.

"लिहून घ्या. जाळी वरून व्हॅक्यूमने ओढून घ्या, आत काही खुपसू नका. ब्लँकेट जाळीवर लोंबता कामा नये, सीटच्या कडेला खोचा. एसी बंद ठेवू नका. बॅटरीला तीच हवा लागते, पेशंटला गार वाटत असेल तर वर आणखी एक पांघरूण घाला. चारी टायरची हवा दारावरच्या चिठ्ठीत लिहिलीय तेवढीच ठेवा, जास्त भरली तर प्रत्येक खड्डा तिच्या... पेशंटच्या पाठीत जाईल. आणि ब्रेक. ह्या गाडीचा ब्रेक हळू वेगात मधेच पकडतो. लांबूनच हलका दाबायला लागा. गाडी थांबायच्या जरा आधी पाय किंचित सैल करा. आपण कसे दाबता ते मला माहितीय."

"मला गाडी चालवायला शिकवू नकोस."

"कुणी शिकवलंच नाही तुला. तू दारात उभा होतास." पहिल्यांदाच ती 'तू' म्हणाली होती. फोन तिनेच ठेवला.

तिसरी तक्रार आली तेव्हा केंद्राच्या साहेबांनी तिला आत बोलावून ते रेकॉर्डिंग लावलं. भिंत पातळ होती. शेवटच्या वाक्यावर साहेब म्हणाले, "हे काय आहे?" ती म्हणाली, "चूक आहे. पुन्हा होणार नाही." तिला पंधरा दिवस फोनवरून उठवून टपालाच्या कामाला बसवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

गुरुवारी ती माझ्या टेबलाशी आली. "तुझ्याकडे स्कूटर आहे. उद्या सकाळी मला डायलिसिसच्या इस्पितळात सोड."

विनंती नव्हतीच ती. कुठलं इस्पितळ तेही तिने आधीच शोधून ठेवलं होतं. मी नाही म्हणणार होते. हो का म्हटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. बघायचं होतं, एवढंच असेल.

पावणेदहाला आम्ही फाटकाशी उभ्या होतो. गाडी आली, काळी, चकचकीत. फाटकासमोर त्याने ब्रेक मारला तो असा की गाडीचं नाक खाली गेलं. आतून म्हातारीचं कण्हणं मला बाहेर ऐकू आलं. माझ्या शेजारची फौजदारीण सरळ गेली आणि तिने मागचं दार उघडलं.

भाऊ उतरला. "हात काढ. इथे तुझं काय काम?"

"एवढं लिहून घ्यायला लावलं तरी तुला ब्रेक दाबता येत नाही."

"नऊ वर्षं आठवण नाही झाली, आणि आता..."

"कुलूप कुणी घातलं होतं?"

रखवालदार म्हणाला, गाडी पुढे घ्या. मागे दुसरी गाडी हॉर्न वाजवत होती. दोघंही जागचे हलेनात. सीटवर म्हातारी पडली होती, मूठभर, पांढऱ्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली. तिने डोळे उघडून लेकीकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडेल.

"इतकी वर्षं कुठे उलथली होतीस?" म्हातारी म्हणाली.

"तू बोलावलंस का?"

"बोलावलं नाही म्हणून यायचं नाही?"

"त्या दिवशी तोंडात काय धरलं होतंस?"

म्हातारी मान वळवून मुलाला म्हणाली, "जाताना हिला चालवू दे. तुझ्या ब्रेकने माझी हाडं निखळली."

"माझी गाडी आहे, आई."

"हाडं माझी आहेत."

दुपारी परत जाताना गाडी तिने चालवली. भाऊ शेजारी बसला, हाताची घडी घालून, खिडकीबाहेर बघत. मी स्कूटरवरून थोडा वेळ मागे राहिले. पहिल्या चौकात लाल दिवा लागला. ती कितीतरी आधीपासून हळू होत आली, आणि गाडी नेमकी कधी थांबली ते मला कळलंच नाही.

त्यानंतर सात महिने, मंगळवार आणि शुक्रवार, ती अर्ध्या दिवसाची रजा टाकायची. साहेब कुरकुरले, पगार कापला गेला, तिने वाद घातला नाही. मंगळवारी दुपारी परत आली की ती आमच्यावर नेहमीपेक्षा जास्त खेकसायची. कधी कधी स्वतःशीच बोलल्यासारखं सांगायची. आज आई म्हणाली, तू तुझ्या बापासारखीच कुजकी. आज भावाने टायर बदलताना दोनच बदलले, चारी चाकांना ताकद जाते, चारी सारखे लागतात, सांगितलं तर म्हणतो गाडी कुणाची. ह्या सात महिन्यांत तो तिच्याशी गाडीखेरीज एक अक्षर बोलला नाही आणि तीही बोलली नाही. गॅरेजचा विषय कुणी काढला नाही. आईनेही नाही. माफी मागण्याची तर बातच नको.

म्हातारी इस्पितळातच गेली, एका शुक्रवारी, सुई लावलेली असतानाच. दोघं खाटेच्या दोन बाजूंना होते. खाली आल्यावर भावाने हात पुढे केला आणि म्हणाला, "चावी." तिने दिली. संपलं. ह्यानंतर त्यांची भेट नाही.

वर्षभराने त्याने गाडी विकली, असं कार्यशाळेतून कळलं. मी मुद्दाम तिला जाऊन सांगितलं. तिला लागतं का ते बघायचं होतं, आता कबूल करायला हरकत नाही.

"भावाची आठवण येत नाही?" मी विचारलं.

ती एका मालकाची तक्रार वाचत होती. वर बघितलंही नाही. "मला आईला न्यायचं होतं," ती म्हणाली. "तो गाडीबरोबर यायचा."