बिभीषणचा परतावा

बिभीषण माझा साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीशी त्याचं लग्न झालं, एवढ्या एका कारणासाठी मी त्याला तीस वर्षं सहन करतोय. नाहीतर रस्त्यात दिसला असता तर मी फुटपाथ बदलला असता.

शेंद्र्याची वडिलोपार्जित जमीन कारखान्यांसाठी गेली, तेव्हा त्या पैशातून त्यानं औरंगपुऱ्यात दुकान टाकलं. पाण्याच्या मोटारी, पाईप, नळ, कॉक. वर राहायला तीन खोल्या. बाप मेंढरांमागं फिरला, मी गल्ल्यावर बसतो, असं तो पाहुण्यांना सांगतो आणि मग आपल्याकडं असं बघतो की आता टाळ्या वाजवाव्यात. माणूस कष्टाळू आहे हे मी नाकारत नाही. पण कष्टाळू माणूसही किती हलका असू शकतो, हे बघायचं असेल तर त्याच्या दुकानात पंधरा मिनिटं बसावं.

फुलंब्रीकडचा, खुलताबादकडचा शेतकरी मोटार घ्यायला येतो. भाव ठरतो. मग बिभीषण आवाज खाली घेऊन विचारतो, बिल पाहिजे का? असं विचारतो की बिल म्हणजे काहीतरी दुखणंच आहे. पक्कं बिल घेतलं तर कर लागेल, कच्च्यात घेतलं तर कमी होईल. गिऱ्हाईक खूश होतं. मग एका कोऱ्या वहीचं पान टर्रकन फाडून त्यावर पेनानं आकडा लिहिला जातो. दुकानाचं नाव नाही, नंबर नाही, सही नाही. वर हा ठरलेला डायलॉग: "हेच पक्कं धरा. मी काय पळून चाललो का?"

मी एसटीत कंडक्टर होतो. सत्तावीस वर्षं काढली. आधी तिकीट हातानं फाडलं, मग मशीनमधून काढलं, पण प्रवाशाच्या हातात कागद गेल्याशिवाय त्याचा पैसा माझ्या पिशवीत गेला नाही. त्यामुळं ते कोरं पान फाटलं की मी दुसरीकडं बघायचो. बोललो कधीच नाही. साडूच्या धंद्यात नाक कोण खुपसणार?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी दुकानात चहा पीत होतो. फुलंब्रीचा कारभारी नावाचा एक शेतकरी मोटारसायकलच्या मागं पोत्यात गुंडाळलेली मोटार बांधून आला. घेऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि ती जळाली होती. कंपनीची वर्षाची गॅरंटी होती, पण कंपनी बिल मागत होती. कारभारीनं पाकिटातून जपून ठेवलेलं ते वहीचं पान काढलं. बिभीषणनं ते घेतलं, उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं आणि एका बोटानं त्याच्याकडं सरकवलं. म्हणाला, "ह्याच्यावर माझं नाव कुठंय? असला कागद कुणीबी लिहील."

कारभारी भांडला नाही. पान घडी करून पाकिटात ठेवलं आणि मोटार परत बांधून निघून गेला. चहाचे कप न्यायला आलेल्या आक्का, म्हणजे कस्तुराबाई, बिभीषणची बायको, जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. कप घेऊन वर गेल्या. त्यांना मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

तर असा हा माणूस. आणि हा थायलंडला निघाला. शेजारचा भांड्याचा दुकानदार जाऊन आला होता म्हणून. चौघांचं एकत्र बुकिंग केलं तर काही सवलत होती, म्हणून मला आणि माझ्या बायकोला, सुरेखाला, त्यानं ओढलं. ती सवलत चौघांत वाटली गेली का, हे मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं.

आक्कांच्या टाचा दुखतात. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून टाकतात. लहानपणी मेंढरांमागं अनवाणी फिरलेली बाई, पण आता पंचावन्नच्या पुढं वय आहे, आणि दुकानाचा जिना दिवसातून वीस वेळा चढायचा-उतरायचा. सहलीच्या दुसऱ्याच दिवशी एका देवळापाशी चपलांच्या ढिगात कुणाचा तरी पाय पडला आणि आक्कांच्या चपलेचा अंगठा उखडला. सुरेखानं साडीची सेफ्टी पिन काढून लावली. त्या पिनेवर आक्का लंगडत चालू लागल्या.

संध्याकाळी आमच्यासोबतची टूर मॅनेजर, प्रांजली नावाची सिडकोतली मुलगी, सगळ्यांना एका मोठ्या मॉलमध्ये घेऊन गेली. तिथं सुरेखानं आक्कांना ओढून बुटांच्या दुकानात नेलं. मऊ तळव्याचे, करड्या कापडाचे बूट. आक्कांनी पाय घातला, दहा पावलं चालल्या, परत आल्या. त्यांचा चेहराच बदलला होता.

"सुरेखा," त्या म्हणाल्या, "खाली फरशी हाय का नाय, तेच कळंना."

बिभीषण किंमत बघून हादरला होता, पण तेवढ्यात त्याची नजर काउंटरवरच्या पाटीकडं गेली. त्यानं प्रांजलीला बोलावलं. ती म्हणाली, काका, परदेशी पर्यटकांना इथला कर परत मिळतो. ही पाटी असलेल्या दुकानातूनच घ्यायचं, ठरावीक रकमेच्या वर घ्यायचं, पासपोर्ट दाखवून त्याच दिवशी दुकानातून फॉर्म भरून घ्यायचा, आणि जाताना विमानतळावर वस्तू दाखवायची. वस्तू वापरलेली चालत नाही.

बिभीषणनं तिला तीनदा सांगायला लावलं. सरकार पैसे परत देतं, हे त्याला पचतच नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यात आपल्या सरकारला राजीखुशीनं रुपया दिला नाही, तो परक्या सरकारकडून कर परत घ्यायला निघाला होता, आणि चेहरा असा की जणू त्याची थकबाकीच मिळणार आहे. त्या सगळ्या सांगण्यातल्या दोनच गोष्टी त्यानं डोक्यात ठेवल्या. पैसे परत मिळतात, आणि वस्तू वापरायची नाही. बाकीचं त्याच्या कानावरून गेलं.

आणि मॉलमध्ये भाव कमी करत नाहीत हे कळल्यावर तो आम्हाला घेऊन रस्त्यापलीकडच्या गल्लीत गेला. तिथं गोरखपूरकडचा एक दुकानदार होता, हिंदी बोलणारा. बूट तसेच. दुकानदारानं दोन भाव सांगितले, बिल आणि फॉर्मसकट एक, बिलाशिवाय दुसरा.

"बिल किसको चाहिए भाई," बिभीषण म्हणाला, "रेट बोलो."

विचार करून बोललाच नाही तो. पंचवीस वर्षांच्या सवयीनं तोंड आपोआप चाललं. दुकानदारानं कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून दिला. बिभीषणनं तो चिटोरा घडी करून पाकिटात ठेवला, अगदी कारभारीनं ठेवला होता तसा.

मी म्हणालो, साडूभाऊ, बिल तर घेतलं नाहीत. त्यानं पाकीट काढून तो कागद माझ्या नाकासमोर नाचवला. हे काय मग? वर म्हणाला, तुम्ही तिकिटं फाडली, धंदा नाय केला. झालं.

हॉटेलवर गेल्यावर त्यानं बुटांचं खोकं पॅकिंगच्या टेपनं चारी बाजूंनी बंद केलं. आक्कांनी चपलेची पिन घट्ट केली. मग सुरू झाले ते चार दिवस. पाण्यातला बाजार, प्राणिसंग्रहालय, सोन्याच्या मूर्ती, अजून मूर्ती. आक्का पिनेवर चालत होत्या. पिन मोडली की दुसरी. अंगठ्याजवळ कातडं सोललं. कट्टा दिसला की बसायच्या, आणि बिभीषण घड्याळाकडं बघत म्हणायचा, आता तीनच दिवस काढ. आता दोनच दिवस. रात्री जेवताना आक्का मिठाच्या पुड्या पदरात गोळा करायच्या आणि बादलीत गरम पाण्यात ते मीठ टाकून पाय सोडून बसायच्या. सुरेखानं आपली चप्पल देऊ केली, पण आक्कांचा पाय मोठा. अर्धी टाच बाहेर.

मी काय केलं? आता सांगतो, कारण बिभीषणला नावं ठेवताना स्वतःला वगळलं तर मीही त्याच्याच रांगेतला. हॉटेलखाली फुटपाथवर रबरी चपला मिळत होत्या, आपल्या दोन चहाच्या किमतीत. मी घेऊ शकत होतो. साडूच्या बायकोला चप्पल घेतली तर घरी काय बोललं जाईल, असं मी सुरेखाला म्हणालो, पण ते अर्धं खरं होतं. दुसरं अर्धं असं, की मला मजा येत होती. त्या चिटोऱ्यावर छदामही मिळणार नाही, हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. प्रांजलीला एक शब्द बोललो असतो तर तिनं काकांना तिथंच समजावलं असतं आणि आक्कांच्या पायात त्याच संध्याकाळी बूट चढले असते. मी बोललो नाही. मला तो विमानतळावर, चारचौघांत, उघडा पडलेला बघायचा होता. चार दिवस मी त्या घटकेची वाट बघत होतो आणि ते चार दिवस आक्का सोललेल्या पायानं चालत होत्या.

ती घटका आली, दुपारी दीडला. सामान देण्याच्या आधी कराच्या काउंटरवर रांग होती. बिभीषण खोकं कडेवर घेऊन पुढं. काउंटरवरच्या बाईनं खोक्याकडं बघितलं, टेप बघितली, मान हलवली. न वापरलेली वस्तू. बिभीषणनं आमच्याकडं वळून असं बघितलं की घ्या, शिका काहीतरी. मग बाईनं हात पुढं केला. त्यानं पाकिटातून चिटोरा काढून दिला.

बाईनं तो उलटा केला, सुलटा केला आणि एका बोटानं परत सरकवला.

बिभीषण हिंदीत बोलला, मग मराठीत, मग दोन्हीत. रांग मागं तुंबली. प्रांजली धावत आली, बाईशी बोलली आणि अवघडून म्हणाली, काका, हे बिल नाहीये. यावर दुकानाचं नावच नाही. कुणीही लिहील असा कागद आहे, असं त्या म्हणतायत.

मी ज्याची वाट बघत होतो ते समोर घडत होतं, आणि मला काहीच गोड लागत नव्हतं. कारण आक्का पुढं आल्या होत्या आणि मी त्यांच्या पायांकडं बघत होतो.

"कारभारीचा कागदबी असाच होता," आक्का म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुमीबी त्याला हेच म्हनला व्हता."

बिभीषणनं चिटोरा उचलून पुन्हा पाकिटात घातला.

आक्कांनी त्याच्या हातातलं खोकं घेतलं. बाजूच्या खुर्चीवर बसल्या. चपलेची पिन काढली आणि त्याच पिनेनं टेप फाडली, चारही बाजूंनी, घाई न करता. बूट घातले. नाड्या सुरेखानं बांधल्या, कारण आक्कांना त्या बांधता येत नव्हत्या. मग तुटकी चप्पल खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि खोकं नवऱ्याच्या हातात दिलं.

"हे धरा. ह्याचं काय परत मिळतंय का बघा."

इतके लोक बघत होते की ते खोकं तिथं टाकायची त्याला लाज वाटली. पुढं सामान तपासणाऱ्या शिपायानं ते उघडायला लावलं. त्या थाई पोरानं तुटक्या चपलेकडं आणि मग बिभीषणकडं बघितलं, आणि झाकण लावलं.

मुंबईहून बसनं आलो, सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलो. बिभीषणची रिक्षावाल्याशी घासाघीस सुरू झाली. औरंगपुरा इतका जवळ आणि हा भाव? तो म्हणत होता, तिकडच्या लोकांनी मला लुबाडलं, आता तू लुबाड. तिकडच्यांनी लुबाडलं, हेच तो आजही दुकानात सांगतो. आक्कांनी थोडा वेळ ऐकलं, सुरेखाचा हात धरला आणि चालायला लागल्या. सकाळी भिंत धरून चालणारी बाई, उन्हात, गर्दीतून, ताठ. मी हाक मारली, आक्का, बसा की रिक्षात. त्यांनी मागं बघितलं नाही.

अर्धा तास घासून वीस रुपये कमी करून घेऊन आम्ही चार बॅगा आणि ते खोकं घेऊन पोहोचलो, तेव्हा दोघी बहिणी वर पोहोचून चहा पीत होत्या. बूट दारात नीट जोडीनं ठेवलेले. बिभीषण पंख्याखाली बसला आणि सवयीनं हात पुढं केला. मीही वाट बघत बसलो.

चहा दोघींपुरताच टाकलेला होता. भांडं घासून पालथं घातलेलं. मलाही चहा नव्हता, आणि का नव्हता, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.