भावोजींचं यंत्र चुकत नाही

आमचे धाकटे भावोजी प्रयोगशाळेत जनुकं वाचणारं यंत्र चालवतात. हातमोजे नवशिक्यांनी घालावेत, हे त्यांचं थोर मत. माझ्या मुलीला तिच्या बाबांचा हृदयविकार आलाय का, हे कळावं म्हणून मी तिचा नमुना त्यांच्या हाती सोपवला. रिपोर्टमध्ये दोष निघाला, तेव्हा मी तो ओळ न ओळ वाचून काढला.

"वहिनी, यंत्र चुकत नाही," भावोजी म्हणाले.

"हो का? मग यात पुरुषाचं गुणसूत्र कसं? माझी पोरगी मुलगा कधी झाली?"

भावोजी आपल्या उघड्या बोटांकडे बघत राहिले.

हातमोजे घालून केलेल्या दुसऱ्या तपासणीत मुलगी सुटली. पहिल्या रिपोर्टमधला दोष भावोजींचाच होता. आता हृदयाच्या डॉक्टरांकडे त्यांना मीच नेते, कारण एकटं जायला आमच्या शास्त्रज्ञांना भीती वाटते.