आक्काचा डोळा आणि निपाणीची मोटार

बेळगावच्या मोटारस्टँडवर सकाळी आलो, तेव्हा आठ दिवसांच्या दवाखान्याचा शीण माझ्या अंगात मुरला होता. थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डावा डोळा तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी झाडपाल्यानं गेला. राहिलेला हा एकच, आणि त्यालाही तेव्हापासून नुसता उजेड-अंधारच कळे. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "चार दिवसांनी निपाणीचे डॉक्टर पट्टी सोडतील. तोवर डोक्याला हिसका बसता कामा नये. जखम उघडली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

मी पुण्याहून रजा काढून आलो होतो. बेळगावहून निपाणीला आगगाडी नाही, तेव्हा मोटारीवाचून गत्यंतर नव्हतं. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मोजून मिळे, म्हणून आमची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. पाठीमागे लोखंडी भट्टी बसवलेली, तिची धग शेवटच्या बाकापर्यंत येई. हिसके कमी बसावेत म्हणून मी आक्काला पुढच्या बाकावर, ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं आणि तिच्या डोक्यामागे उशी धरून बसलो. ड्रायव्हरचं नाव मल्लाप्पा. पन्नाशीचा, अंगानं बारीक माणूस. आक्काची पट्टी पाहून तो म्हणाला, "आक्का, सावकाश नेतो. चिंती बेडा (काळजी नको)."

काकती मागे टाकून थोडं पुढे गेलो आणि मोटार पहिल्यांदा बंद पडली. मल्लाप्पानं भट्टी ढोसली, कोळसा घातला, हँडल मारलं, सुरू झाली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. आता त्यानं गॅसचा नळ सोडून झाडला. काजळीनं त्याचं तोंड काळं झालं. मागच्या बाकावरचा तंबाखूचा व्यापारी घड्याळ काढून बघायचा आणि ते पुन्हा खिशात टाकायचा. फाल्गुनातलं ऊन चढत होतं. रस्त्यावरची तांबडी धूळ आक्काच्या पट्टीवर बसू नये म्हणून मी धोतराचा सोगा आडवा धरला होता. हात भरून आला, तरी सोडवत नव्हता.

वंटमुरीच्या घाटात खरी गाळण उडाली. चढ अर्धा झाला असेल, तोच इंजिन गप्प झालं आणि मोटार मागे सरकू लागली. मल्लाप्पानं ब्रेक दाबला. हिसका असा बसला, की आक्काचं डोकं उशीसकट माझ्या हातावर आदळलं. मागून एका शेतकऱ्यानं उडी टाकली आणि चाकाखाली धोंडा सारला.

"आक्का, दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाय रं दत्तू. तू एवढा थरथरू नगंस, तुझ्यानं उशी हलतीया."

तो शेतकरी येळ्ळूरचा, परशरामअण्णा. घोंगडी आणि टोपली घेऊन निपाणीला दिलेल्या लेकीकडे निघाला होता. मोटार पुन्हा सुरू झाल्यावर चढ संपेपर्यंत तो धोंडा हातात घेऊन मोटारीमागून चालत आला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

हत्तरगी गेलं. संकेश्वरला पोचेतो दुपार टळली. तिथं एका खानावळीत भाकरी आणि लाल मिरचीचा खर्डा (ठेचा) मिळाला. आक्काला चावायची बंदी होती, म्हणून मी ताकात भाकरी कुस्करून तिला भरवली. मल्लाप्पा जेवला नाही. तो बॉनेट उघडून उभा होता. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला, तर म्हणाला, "रावसाहेब, सकाळपासनं मी गॅसलाच शिव्या देतोय. आता जरा पेट्रोल घालून बघतो. पेट्रोलवर बी बंद पडली, तर दोष गॅसचा न्हाय, ठिणगी पाडणाऱ्या विजेचा."

बाटलीत जपून ठेवलेलं पेट्रोल त्यानं घातलं. गावाबाहेर मैलभर गेलो नाही, तोच मोटार बंद. मल्लाप्पा हसला; दिवसभरात पहिल्यांदाच. निदान चोर कुठल्या घरात लपलाय ते कळलं होतं. त्यानं बॅटरीच्या तारा सोडून घासल्या, प्लग काढून पुसले. मोटार चालू झाली, आणि तवंदी घाटाच्या पायथ्याशी पुन्हा उभी राहिली. पलीकडे उतरलं की निपाणी, पण चढ वंटमुरीपेक्षा सोपा नव्हता. आणखी एक हिसका आक्काच्या डोळ्याला सोसवेल, असं मला वाटेना.

"मी तिला इथंच उतरवतो," मी म्हणालो. "बैलगाडी बघतो."

"बैलगाडीत काय कमी हिसकं बसतात?" परशरामअण्णा म्हणाला. मी रस्त्याकडेला धुळीतच बसलो.

मल्लाप्पा पुन्हा हँडल मारू लागला. बॉनेट उघडंच होतं. दोन-तीन वेळा मारल्यावर आक्का एकदम म्हणाली, "थांबा. ते टच्-टच् काय वाजतंय?"

आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. व्यापारी म्हणाला, "लोखंड तापलंय बाई, वाजणारच."

"तापलेल्या लोखंडाचा आवाज मला ठावा हाय. आमच्या ह्यांच्या पिठाच्या गिरणीत इंजिनापाशी वीस वर्सं बसलीया मी. हे हँडल फिरलं की वाजतंय, थांबलं की थांबतंय. माझ्या डाव्या हाताच्या अंगाला."

मल्लाप्पानं तिच्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. त्यानं परशरामअण्णाची घोंगडी मागितली, ती बॉनेटवरून ओढली आणि अंधार करून आत डोकं घातलं. "मारा हँडल!" आतून आवाज आला. परशरामअण्णानं हँडल मारलं.

"बंतु! (आली!) दिसली, दिसली!"

मीही घोंगडीखाली डोकं घातलं. कॉइलपासून निघालेली जाड तार एका लोखंडी पट्टीला घासत होती. तिथं रबर झिजून भोक पडलं होतं आणि त्यातून निळी ठिणगी पट्टीवर उडत होती. प्लगाकडे जायची वीज वाटेतच सांडत होती. मोटार धडधडली की तार पट्टीला टेकायची. मल्लाप्पा घासायला-पुसायला हात घालायचा तेव्हा ती नकळत बाजूला व्हायची, आणि त्याला वाटायचं, आपण दुरुस्त केली.

नवी तार मिळायची सोय नव्हती. मल्लाप्पानं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी तारेवर आवळून गुंडाळली आणि दोऱ्यानं बांधली. परशरामअण्णानं आपल्या टोपलीची बांबूची एक कोरडी कामटी मोडून दिली. ती मध्ये घालून तार लोखंडापासून लांब ताणली. मग परशरामअण्णा पुन्हा धोंडा घेऊन मागे उभा राहिला. त्याची गरज पडली नाही. तवंदीचा चढ मोटार एका दमात चढली. माथ्यावर मल्लाप्पानं गाडी थांबवली, खाली उतरून आक्काच्या पायांना हात लावला आणि पुन्हा जागेवर येऊन बसला. उतारावर तंबाखूचा उग्र वास आला, तेव्हा आक्का म्हणाली, "आलं निपाणी." दिवेलागणीला आम्ही आक्काच्या घरी पोचलो.

पुढचे चार दिवस मी धड जेवलो नाही. वंटमुरीचा तो हिसका राहून राहून हाताला जाणवत होता. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी खिडकी लोटून घेतली आणि पट्टी सोडली. आक्का बराच वेळ पापणी मिटूनच बसली. मग हळूच उघडली. डॉक्टर बोटं दाखवू लागले, पण ती त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली.

"दत्तू," ती म्हणाली, "डोकं पांढरं झालं की रं तुझं."

चष्मा लागला की नीट दिसेल, असं डॉक्टर सांगत होते. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

दोन दिवसांनी कोल्हापूरहून पुण्याची गाडी धरली. अंग आंबून गेलं होतं, पण झोप येईना. तीन वर्षं मी तिच्या डोळ्यांची काळजी वाहिली. पण एवढ्या काळात तिनं मला पाहिलेलंच नाही, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. मिरजेला चहा घेतला. मी बेळगावहून निपाणीला मोटारीनं आलो होतो हे ऐकून डब्यात समोर बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "प्रवास कसा झाला?"

"लांबला," मी म्हणालो.