आधी पाणी

दारावर कुणीही आलं की तिचा उजवा हात वर जायचा, चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा. "आधी पाणी. मग बोला." समोर जेवणाचं पार्सल आणणारा असो, चुकून आमची बेल दाबणारा असो, नाहीतर आमच्या बिल्डिंगचा इजिप्शियन रखवालदार असो. रखवालदार म्हातारा, ग्लास रिकामा होईस्तोवर बिचारा कशाला आलो होतो तेच विसरायचा.

अब्बासियातल्या माझ्या फ्लॅटमधली एक खोली मी तिला दिली, तेव्हा मला वाटलं, हिने उन्हाचा धसका घेतलाय. कुवेतचा ऑगस्ट तुम्हाला वेगळा सांगायला नको. पण ही बया जानेवारीतही, लोक स्वेटर घालून आले तरी तेच करायची.

ती नगरकडची, नर्स. भेटली की "सलाम" म्हणायची. मी श्रीवर्धनची कोकणी मुसलमान, मीही सलामच म्हणणार. त्यामुळे सुरुवातीला मी तिला आमच्यातलीच समजले. मग शुक्रवारी, इथली सुट्टी त्याच दिवशी, ती चांगली इस्त्रीची साडी नेसून देवळात निघाली. ही नगरची ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळ म्हणतात आणि भेटल्यावर सलाम. तेव्हा कुठे उलगडा झाला. ती मला आपा म्हणायची, मी तिला सिस्टर.

कुवेतला येण्याआधी बरीच वर्षं ती आफ्रिकेत होती, माली देशात. नायजर नदीच्या काठी सोंघाई लोकांचं एक खेडं, तिथे मिशनचा दवाखाना. हे तिने सांगितलं तेव्हा मी गिऱ्हाइकांच्या डब्यांची भाजी परतत होते. हातातला झारा खाली ठेवला.

"काय गं, ते लोक तर मुसलमान ना? त्यांना बाटवायला गेली होतीस?"

"गेले होते," ती सरळ म्हणाली.

"मग? एक तरी बाटला?"

"एकही नाही, आपा. झाडाखाली बसून मी येशूच्या गोष्टी सांगायची. म्हाताऱ्या मन लावून ऐकायच्या, फार छान म्हणायच्या, आणि मग म्हणायच्या, आता आमची ऐक. दिवस मावळेपर्यंत मीच ऐकत बसलेली."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्यांचं अन्न बाजरी आणि हिचंही बाजरी. तेवढ्यावर तिथे तिचं निभावलं, असं ती म्हणायची.

पाण्याची गोष्ट मात्र तिने सहज सांगितली नाही. एकदा माझी भाकरी तव्यावर करपली. ती ताटावरून उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेले, तेव्हा बोलली.

दवाखाना उघडला त्याच आठवड्यात एक उंच, सडसडीत कोळी दारात आला होता. हिने आपल्याकडच्या दवाखान्यात विचारतात तसं विचारलं, नाव काय, काय होतंय. तो तसाच वळला आणि निघून गेला. त्यानंतर दवाखान्यात कुत्रंही फिरकेना. शेवटी त्याच्या बायकोने येऊन हिची खरडपट्टी काढली. दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं. तो पिऊन होईपर्यंत नाव विचारायचं नाही, काम विचारायचं नाही. तू त्याला चोरासारखं विचारलंस! मग ही भोपळ्याच्या वाडग्यात पाणी घेऊन त्याच्या घरी गेली. तो प्यायला आणि मग म्हणाला, "आता सांगतो. गुडघा दुखतो." तेव्हापासून तो दवाखान्याच्या दारातच बसायचा, येणाऱ्याला स्वतः पाणी द्यायचा.

मग एके सकाळी मोटारसायकली आल्या. तोंडाला फडकी बांधलेली माणसं, हातात बंदुका. त्यांनी आधी धान्याच्या कणग्या पेटवल्या. "बाजरी जळते ना आपा, तेव्हा गावभर भाकरी करपल्याचा वास येतो." नदीकडे पळणाऱ्यांवर त्यांनी मागून गोळ्या घातल्या. एका म्हातारीला तिच्या लेकाच्या अंगावरच पाडली.

ही औषधांच्या खोलीत पोत्यांमागे दडली होती. बाहेर दारात तो कोळी. ती माणसं आली तेव्हा त्याने नेहमीसारखं पाणी पुढे केलं. माणसं पाणी प्यायली. मग त्यांनी विचारलं, "ती ख्रिस्ती बाई कुठाय?"

"नदीपलीकडे गेली."

बंदुकीच्या दस्त्याने त्याचे दात पाडले. पुन्हा विचारलं. "नदीपलीकडे गेली." मग त्यांनी सुरे काढले. गोळी वाया घालवली नाही.

"भिंत मातीची होती. सगळं ऐकू येत होतं," सिस्टर म्हणाली. "तो ओरडला नाही. मी आत होते ना. ओरडला असता तर मी बाहेर आले असते, हे त्याला ठाऊक होतं." दाराखालून रक्त आत आलं, तिच्या चपलांपर्यंत.

संध्याकाळी सैन्याचे ट्रक आले, सगळं आटोपल्यावर. त्याची बायको, जिच्या अंगावर नवऱ्याचं रक्त अजून ओलं होतं, उठली आणि त्या शिपायांसाठी वाडगा भरायला लागली. ही तिच्यावर किंचाळली, "त्या मारेकऱ्यांनाही पाजलं होतं त्याने! काय उपयोग झाला?"

ती बाई म्हणाली, "उपयोगासाठी कोण पाणी देतं?"

आता इथलं सांगते. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये परभणीकडचं जोडपं राहायचं. नवरा सुलैबियात गॅरेजवर मेकॅनिक. तो तिला मारायचा. भिंतीपलीकडे आधी भांडी आपटायची, मग ती आपटायची. आम्ही भिंत ठोकायचो, तर तो आणखी मारायचा. एका शुक्रवारी भरदुपारी ती पोरगी अनवाणी आमच्या घरात घुसली. कानातून रक्त, एक डोळा मिटलेला. "आता मारूनच टाकणार आहे, मावशी." सिस्टरने तिला धरून माझ्या तांदळाच्या पोत्यांमागे बसवलं.

पाठोपाठ तो आला. हातात गाडीच्या चाकाचा लोखंडी पाना, दारावर दणादण घाव.

"उघडू नकोस!" मी म्हटलं.

"तू पोलिसांना फोन कर, आपा. दार काही टिकायचं नाही." डाव्या हातात ग्लास घेऊन तिने दार उघडलं आणि उजवा हात वर केला. "आधी पाणी. मग बोल."

त्याने पाना फिरवला. ग्लास फुटला आणि तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं, सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. ती पडली. उठली. डावा हात लोंबत होता. उजव्या हाताने तिने दुसरा ग्लास भरला आणि पुढे केला. मी फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होते. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि प्यायला. घटाघटा प्यायला.

"कुठाय ती?"

"गेली. जिन्याने खाली."

तो खाली धावला. खाली आमचा रखवालदार आणि नमाजाहून परतलेली पोरं होती. हातातला पाना बघून त्यांनी त्याला पोलीस येईपर्यंत जमिनीवर दाबून धरला.

हॉस्पिटलात मी तिला म्हटलं, "देवळात जातेस आणि धडधडीत खोटं बोललीस?"

"ज्याच्याकडून शिकले तो पाच वेळचा नमाजी होता," ती म्हणाली.

पोरगी सुखरूप गावी गेली. पुढे पोलीस त्याला कपडे घ्यायला घेऊन आले, तर ही गळ्यात हात बांधलेली दारात उभी. "आधी पाणी." माझं डोकंच फिरलं.

"माफ केलंस याला?"

"नाही गं. हातात ग्लास नसता तर एक ठेवून दिली असती. घसा सुकलाय त्याचा, दिसत नाही का?"

हाड जुळलं आणि ती परत निघाली, त्याच गावाला. त्या कोळ्याच्या बायकोचा फोन आला होता, दवाखान्याच्या दारात लोक येऊन बसतात, मी पाणी देते, पण पुढचं मला येत नाही. मी भांडले, रडले. "मारतील तुला तिथे!"

"मारतीलही," ती म्हणाली. "पण लोक पाणी पिऊन बसलेत, आपा. आता त्यांना विचारायला नको, काय होतंय म्हणून?"

पोचल्याचा फोन आला. नंतर त्या भागात पुन्हा गोळीबार झाल्याचं ऐकलं. आता तिचा नंबर लागत नाही. मी लावते, लागत नाही.

गेली त्या दिवशी बॅग न्यायला टॅक्सीवाला वर आला. तिने त्याला पाणी दिलं, रखवालदाराला दिलं, आणि पर्स उचलून मला सलाम करायला वळली. मी हात वर केला. ती थबकली. इतक्या वर्षांत तिला कुणी असं थांबवलं नसावं. मी ग्लास पुढे केला. ती दारात उभ्या उभ्या, सगळं पाणी प्यायली, आणि ग्लास हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली, मी आता काय विचारते म्हणून.

मला काही विचारताच आलं नाही.