स्वल्पविरामाआधीची जागा

मल्लाप्पा गेला ते मला सकाळीच कळलं. मी क्लास उघडायला आले, तर खाली त्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाचं शटर बंद, आणि पायरीवर त्याचा जुना कारागीर डोकं धरून बसलेला. झोपेतच गेले म्हणाला. त्याच्या गावी, कुरुंदवाडला नेऊन दुपारी माती दिली, मीही जाऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी क्लास उघडला. घरी बसून तरी काय करणार होते? त्या दिवशी एक गिऱ्हाईक आपला मेल बघता बघता मला म्हणालं, बाई, हे खालचेच मल्लाप्पा का? मी जाऊन स्क्रीन बघितला. परदेशातल्या कोल्हापूरकरांचा एक ई-मेल गट आहे, स्वतःला 'कट्टा' म्हणवून घेतो. त्यावर श्रद्धांजली आली होती. 'आपले ज्येष्ठ, मनमोकळे सदस्य हरपले.' मनमोकळे! ज्या माणसाचं एक अक्षर या लोकांनी इतकी वर्षं कुणाच्या नजरेला पडू दिलं नाही, तो मातीत गेल्यावर मनमोकळा झाला. खाली ओळीनं सगळ्यांनी हात जोडले होते. ज्यांनी त्याला कधी वाचलंच नाही, त्यांना म्हणे त्याची उणीव भासणार होती... मी गिऱ्हाइकाला म्हटलं, बंद कर ते, डोकं उठतंय.

मी टायपिंगच्या क्लासची बाई. राजारामपुरीत मल्लाप्पाच्या दुकानावर माझा क्लास. आयुष्यभर पोरांच्या चुका काढत आले, त्यामुळं तोंड जरा वाईटच आहे. पुढं टाइपरायटर कोण विचारीना, तेव्हा मी ते भंगारात घातले आणि कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफेची पाटी लावली. मल्लाप्पाची आणि माझी ओळख त्याच्या कितीतरी आधीची. मैत्री म्हणायची तर म्हणा. आमचं एका गोष्टीवर कधी पटलं नाही. जगात कुठं काय चाललंय यावर त्याची ठाम मतं असत आणि त्यातली निम्मी निव्वळ रद्दी. रशिया येणार, आज ना उद्या मधे पडणार, असं तो दरवेळी सांगायचा. रशिया काही आला नाही. डॉलर वर्षभरात झोपणार, हे तर त्यानं इतक्यांदा सांगितलं, की त्याची बायकोसुद्धा हसायची.

आखातातलं पहिलं युद्ध झालं तेव्हा त्याचा मुलगा बसू, म्हणजे बसवराज, शाळेत होता. दुकानात रेडिओ लागायचा आणि बापलेकांची जुंपायची. पोरगं अमेरिकेच्या बाजूनं बोललं की बाप इराकचा. चार दिवसांनी पोरगं फिरलं की बापही फिरायचा. कागलहून, मुडशिंगीहून पंपाची मोटार घेऊन आलेली माणसं खोळंबलेली, आणि हा त्यांनाच मधे ओढायचा, "पावणं, तुमास्नी काय वाटतंय?" पावणं म्हणायचं, आमची मोटार कवा हुणार तेवढं सांगा. बसू अडखळला, गप बसला, की मल्लाप्पा हातातला पेचकस काउंटरवर आपटायचा आणि म्हणायचा, "बोल की." हरलास असं कधी म्हणाला नाही. नुसतं 'बोल की'. मी वरून ओरडायची, की आवाज कमी करा, माझ्या पोरींची परीक्षा आहे. मला तेव्हा हा शुद्ध रिकामटेकडेपणा वाटायचा. पण त्या घरात बापलेक एकमेकांशी दुसरं काही बोलतच नव्हते, हेही मला दिसत होतं. पोराला जवळ घेणं, पाठीवर हात फिरवणं मल्लाप्पाला जमलं नाही. भांडण जमलं.

त्याच बसूनं सुट्टीत माझ्याकडं टायपिंग केलं. बोटं चांगली होती. खोड एकच, स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडायची. मी पट्टी मारली, पानं परत लिहून घेतली, पण नाही. स्वल्पविरामाला श्वास घ्यायला जागा नको का, म्हणायचा. शेवटी मीच हात टेकले. पुढं तो इंजिनिअर झाला आणि अमेरिकेला गेला. दर रविवारी फोन यायचा. जेवलास का, थंडी आहे का, आईचा गुडघा कसा आहे... संपला फोन. दोन मिनिटांत दोघांचं बोलणं आटोपायचं, आणि मल्लाप्पा सोमवारी तोंड पाडून काउंटरला बसायचा.

मग कुणीतरी त्याला या कट्ट्याचं सांगितलं. बसूही त्यात आहे, भरपूर लिहितो, असं कळल्यावर गडी जिना चढून वर आला. टायपिंग येत नव्हतं. "बाई, मी सांगतो, तुमी लिवा." तेव्हा मराठी रोमन अक्षरांतच लिहायची पद्धत. कोपऱ्यातल्या मशिनवर मी बसायची, शेजारच्या खुर्चीत तो. त्याच्या नावाचं खातं मी काढलं, मीच उघडायची, मीच बंद करायची. एकूण एक वाक्य मला अमान्य, पण माझ्या पदरचा एक शब्द मी त्यात कधी घातला नाही. क्लासचा नियम आहे तो.

सुरुवातीला बरं चाललं. तांबड्या रश्श्यात खोबरं किती, रंकाळ्यावरची भेळ पूर्वीसारखी राहिली का, अशा गहन विषयांवर ही शिकली-सवरलेली माणसं रात्रंदिवस लिहीत होती. मग अमेरिका पुन्हा इराकवर गेली. कट्ट्यावर एकेकाला जोर चढला. चांगलं ठेचलं पाहिजे, पुढचा नंबर अमक्याचा लावा, असं रोज येत होतं. मल्लाप्पानं लिहिलं की ही तेलासाठीची गुंडगिरी आहे आणि तुम्ही तिथं भाडेकरू असून मालकाच्या बाजूनं हातवारे करताय. झालं! तासाभरात गटाच्या पानावरून मजकूर गायब. गटाचा नियम दाखवण्यात आला, 'राजकारण नको'. बाँब टाका म्हणणं हे राजकारण नव्हतं. ते म्हणे देशप्रेम. कुठल्या देशाचं, ते मला अजून कळलेलं नाही. टाकू नका म्हणणं तेवढं राजकारण. मल्लाप्पानं दुसऱ्यांदा लिहिलं, तेही गेलं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर पत्र आलं की यापुढं तुमचा प्रत्येक मजकूर मंजुरीनंतरच प्रसिद्ध होईल. सही नुसती 'व्यवस्थापक'. गटाला दोन-तीन व्यवस्थापक होते, नावं कुणाचीच जाहीर नव्हती. शूर लोक. रंकाळ्याच्या कठड्यावर माणसं एकमेकांची आयमाय उद्धारून भांडतात आणि नंतर एकाच द्रोणातली भेळ खातात. तिथं कुणी कुणाला मंजुरी देत नाही. आणि हे म्हणे कट्टा.

ते पत्र वाचताना माझं लक्ष मजकुराकडं नव्हतंच. 'माननीय सदस्य , आपल्या भावनांचा आदर आहे , परंतु...' प्रत्येक स्वल्पविरामाआधी जागा. माझ्या हातून गेलेली चूक मी जगाच्या पाठीवर कुठंही ओळखीन. स्वतःच्या बापाला 'माननीय सदस्य' म्हणून गप बसवणारं ते पोरगं माझाच विद्यार्थी होतं. नोकरीची भीती असेल, परक्या देशात बापाचं आडनाव नडेल असं वाटलं असेल. असेल बापडं. मला काही त्याची दया आली नाही. पोटात मावेना म्हणून मी तिथंच मल्लाप्पाला सांगितलं, हा तुझा बसू आहे.

तो चिंधीनं हात पुसत होता. म्हणाला, "म्हायती हाय. पोरगं कसं गप बसतंय आनि कसं बसवतंय, बापाला कळत न्हाय व्हय?"

मी म्हटलं, मग जोडे मार त्या गटाला, सोड नाद. तर मान हलवून हसला. "गटावर टाकलं तर कोन वाचंल, कोन न्हाय. आता सगळं थेट त्याच्याकडं जातंय. काढून टाकायच्या आधी वाचाय तर लागतंयच की, बाई."

तेव्हापासून दर आठवड्याला तो वर येत राहिला. मंजूर होणार नाही असंच मुद्दाम लिहायचा. रशिया, डॉलर, तेल, सगळा माल तोच. मधेच कुठंतरी या वर्षी पंचगंगेचं पाणी कुठवर चढलं ते, आईनं गुडघ्याला काय लावलं ते. सुरुवात कायम 'सभासदहो' अशी आणि शेवट 'बोल की' असा. मी म्हटलं, अरे, सभासदहो म्हणतोस तर 'बोला की' पाहिजे, व्याकरण चुकतंय. म्हणाला, राहू दे. मी राहू दिलं. उत्तर एकाही पत्राला आलं नाही, पण तो खुशीत असायचा. पोरगं वाचतंय म्हणायचा. शेवटच्या आठवड्यातसुद्धा जिना चढून, धापा टाकत, डॉलर झोपणार म्हणून सांगून गेला.

बसू तिसऱ्या दिवशी पोचला. सगळं आटोपल्यावर एका दुपारी माझ्याकडं आला. केस विरळ झालेले, बोलणं हळू, फार सभ्य. अप्पांचं खातं बंद करायचं म्हणाला. मी विचारलं, अप्पांचे मेल वाचायचास ना रे? तो म्हणाला, "खरं सांगू का बाई, अप्पांच्या मंजुरीचं काम माझ्याकडंच होतं, आणि मी तशी सेटिंग करून ठेवली होती. अप्पांचं नाव आलं की मेल आपोआप डिलीट व्हायचा. माझ्यापर्यंत यायचाच नाही."

इतक्या वर्षांचं ते जिना चढणं, धापा टाकणं, माझी बोटं दुखेस्तोवर लिहून घेणं... कुठल्या पोकळीत गेलं हे? मी त्याला होतं ते सगळं सांगितलं, एक शब्द मऊ न करता. तुझा बाप गटाला लिहीतच नव्हता, एकट्या तुला लिहीत होता, आणि तू वाचतोस या भरवशावर मेला. तो रडला की नाही ते मी बघितलं नाही. खातं बंद करायला मी नकार दिला. तुझं बंद करून झालंय, आता मी सांभाळते, म्हटलं. मग त्याच्यादेखत मशिनवर बसले आणि मल्लाप्पानं पाठवलेलं एकेक पत्र त्याच्या पत्त्यावर धाडलं. आधी तुझी ती चाळणी काढ, एवढं मात्र बजावलं. तो गेला. परत अमेरिकेलाही गेला, असं नंतर कळलं.

कोपऱ्यातल्या मशिनशेजारची दुसरी खुर्ची मी हलवलेली नाही. गिऱ्हाइकं अडखळतात, अडखळू देत. क्लास उघडला की झाडू मारायच्या आधी मल्लाप्पाचं खातं उघडायचं, ही हाताची सवय. तो गेल्यावरही सुटली नाही. रोज रिकामंच असायचं. परवा उघडलं, तर एक नवीन मेल. नाव बसूचं. विषयाच्या जागी रोमन अक्षरांत लिहिलं होतं, 'अप्पा , डॉलरचं तुमचं चुकलंच होतं , पण'. पुढची ओळ दिसत नव्हती. मी उघडला नाही, तो मला आलेला नाही. स्वल्पविरामाआधी जागा आहेच, दोन्ही ठिकाणी. आता बोलतंय, गाढव.