बाल्कनीत दोन, घरात एक

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून लिहितेय.

गेल्या आठवड्यात इथेच मी किरणबद्दल लिहिलं होतं, त्याला विचारूनच. चोरीपायी रिमांड होममध्ये राहून आलेला, आता पंचवटीत स्वतःचं एसी सर्व्हिसिंग सुरू केलेला मुलगा. ‘अशा पोरांवर विश्वास टाका,’ असं मोठ्या तोंडाने सांगितलं होतं.

आज त्याला घरी बोलावलं. हॉलमधला एसी दाखवला. “अजून आहे का, ताई?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “नाही रे, एकच.”

दुसरा बेडरूममध्ये आहे. तिथेच दागिन्यांचं कपाट आहे, म्हणून सकाळीच मी त्या खोलीला कुलूप घातलं होतं.

आतलं काम उरकून तो बाहेरचं युनिट धुवायला बाल्कनीत गेला. तिथे दोन युनिटं शेजारी-शेजारी बसवलेली आहेत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याने दोन्ही धुतली.

जाताना बूट घालत, खाली बघूनच म्हणाला, “ताई, बाहेरची दोन्ही झालीत. आतला एक राहिलाय. तुम्हाला वाटेल तेव्हा बोलवा.”

त्या पोस्टला अजून लाइक येताहेत. खरं सांगा, तो तुमच्याकडे आला असता, तर तुम्ही किती एसी सांगितले असते?